धृपदात बसेल तेवढंच एकमत: अपक्षांच्या एकीसाठी शाहिरीची रीत

महापालिकेच्या स्थायी समितीत 16 जागा असतात. कोल्हापूरच्या सभागृहात 81 नगरसेवक. तौलनिक संख्याबळानं वाटणी केली की साधारण पाच नगरसेवकांमागं एक जागा पडते. चार पेठांतून चार अपक्ष निवडून आले आणि चौघं चार दिशांना बसले, तर समितीच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य. तेच चौघं एका गटात आले तर जागेच्या जवळ पोचतात, पाचवा मिळाला की जागा जवळपास पक्की होते. एवढा साधा हिशेब असूनही अपक्ष एकत्र बसत नाहीत.

मतं मिळत नाहीत म्हणून हे घडतं असं नाही. 1995 च्या विधानसभेत 288 पैकी 45 आमदार अपक्ष होते. शिवसेना 73, भाजप 65, दोघांचे मिळून 138. बहुमताला हवे होते 145. कोल्हापूरनं 2009 च्या लोकसभेला सदाशिवराव मंडलिकांना अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवलं. अपक्षाला मत द्यायला इथला मतदार कचरत नाही. अडतं ते निकालानंतर.

अडण्याचं कारण उघड आहे. अपक्षाच्या मागं कार्यालय नाही, झेंडा नाही, वरून येणारा आदेश नाही. तालीम, भाऊबंद, गल्लीतली पोरं यांच्या जिवावर तो निवडून आलेला असतो. त्यामुळं आपण कुणाचेही मिंधे नाही ही भावना त्याच्या मनात पक्की असते, आणि ती असायलाच हवी, लोकांनी त्यासाठीच त्याला मत दिलेलं असतं. अशी पाच माणसं पहिल्यांदा एका खोलीत बसली की चहा यायच्या आधी प्रश्न निघतो, गटनेता कोण? बैठक तिथंच मोडते. पाण्याचा, रस्त्याचा, घरफाळ्याचा विषय टेबलावर येतच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या आठ बैठका पदांच्या चर्चेला द्यायच्याच नाहीत. त्या गाण्याला द्यायच्या. आणि गाणं निवडायचं तर पोवाड्याचं अंग निवडायचं, कारण एकत्र राहूनही वेगळं कसं राहायचं याची सोय त्याच्या घडणीतच आहे.

पोवाड्यात धृपद असतं आणि कडवी असतात. कडवं मुख्य शाहीर म्हणतो, धृपद सगळे उचलतात, आणि कडव्याच्या शेवटी झीलकरी 'जी जी रं जी' म्हणून साथ देतात. प्रत्येक कडव्यात प्रसंग वेगळा, माणूस वेगळा, कधी चालही वेगळी. धृपद मात्र तेच. झीलकरी कडव्यातली प्रत्येक ओळ स्वतः म्हणत नाही, तो शाहिराला दम घ्यायला जागा देतो आणि लय सुटू देत नाही. अपक्षांच्या गटाला नेमकी हीच रचना लागते. सगळ्यांना मान्य आहे ते धृपदात घालायचं. ज्याच्या-त्याच्या प्रभागाचं ज्याच्या-त्याच्या कडव्यात. दुसऱ्याच्या कडव्याला झील धरली म्हणजे त्यातल्या मागणीवर सही केली असं होत नाही, त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेतलं एवढंच होतं.

आता हे करायचं कसं ते सांगतो.

गट पाच ते नऊ जणांचा ठेवा. चारच्या खाली झील उभी राहत नाही, दहाच्या वर कडवी ऐकायला लोक थांबत नाहीत. शिकवायला एक शाहीर किंवा भजनी मंडळातले बुवा घ्या. अट एकच, ते स्वतः उभे नसावेत आणि कुणाच्या घरचेही नसावेत. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी दीड तास, असे चार आठवडे. पहिली पंधरा मिनिटं नुसता सूर लावायचा, अर्धा तास चाल, अर्धा तास शब्द, उरलेल्या वेळात जे ठरलं ते वहीत उतरवायचं. जागा शाळेची किंवा सार्वजनिक सभागृहाची. कुणाच्या वाड्यावर नको, आणि एखाद्या तालमीत तर मुळीच नको. पेठेची ईर्षा काय असते हे कोल्हापूरकराला सांगायची गरज नाही. एका तालमीच्या छताखाली दुसऱ्या तालमीचा माणूस पाहुण्यासारखाच बसतो, मोकळा होत नाही. आचारसंहिता सुरू असेल तर देवळात किंवा मशिदीत प्रचाराची बैठक घेता येत नाही, हे भजनी मंडळाच्या सवयीनं मंदिरात जमणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवायला हवं.

शब्दांचं काम तिसऱ्या बैठकीपासून. प्रत्येकानं तीन मागण्या तीन चिठ्ठ्यांवर, आपण गल्लीत बोलतो त्या भाषेत लिहून आणायच्या. सगळ्या मोठ्यानं वाचायच्या. ज्या मागण्या सगळ्यांच्या चिठ्ठ्यांत येतात त्या बाजूला काढा, त्यांतून धृपद बांधा. दोन ओळी उत्तम, चार म्हणजे कमाल. नमुन्यादाखल अशा:

नळाला पाणी रोज हवं, पंचगंगेत सांडपाणी नको,
खर्चाचा हिशेब चौकात हवा, बंद दाराआड नको, जी जी रं जी!

काव्य म्हणून यात फारसं काही नाही, आणि नसलं तरी चालतं. यातल्या चारही गोष्टी मोजता येतात, झाल्या की नाही हे मतदाराला दिसतं. याउलट 'शहराचा मान वाढवू' किंवा 'विकासाची गंगा आणू' अशी ओळ सगळे आनंदानं गातात, कारण ती कुणालाच कशाला बांधत नाही. धृपदात अशी ओळ शिरली की एकी झाल्याचा भास होतो आणि पहिल्या मतदानाला गट फुटतो.

धृपद बांधून झालं की त्याची परीक्षा घ्यायची, आणि या साऱ्या पद्धतीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून धृपद म्हणायचं, मग एकेकानं एकट्यानं. बुवांनी या वेळी सुराकडं लक्ष द्यायचं नाही, तोंडाकडं द्यायचं. ज्या शब्दावर एखाद्याचं तोंड हलतं पण आवाज येत नाही, किंवा जो शब्द तो गिळून पुढं जातो, तिथं मतभेद आहे असं धरून चालायचं. चर्चेत माणूस 'हो हो, माझी काही हरकत नाही' म्हणून वेळ मारून नेतो. गाताना ते जमत नाही. ठेका चालू असतो, शब्द नेमक्या मात्रेवर टाकावा लागतो, आडवळणाला जागा नसते. शहर आणि लगतची गावं मिळून गट असेल तर धृपदात 'हद्दवाढ झालीच पाहिजे' घालून बघा. गावाकडचा माणूस त्या ओळीला खाली बघेल. त्याला दटावायचं नाही, समजूतही काढायची नाही. ओळ उचलायची आणि शहरातल्या ज्यांना ती हवी त्यांच्या कडव्यात टाकायची. गावाकडच्यानं हद्दवाढीच्या विरोधात स्वतःचं कडवं लिहावं. दोन्ही कडवी एकाच पोवाड्यात राहू शकतात. आपल्याकडं कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला, आणि रात्रभर एकमेकांना सवाल टाकत एकाच फडात गातात. वाद गाण्यात मांडला की ठेका दोघांचा एकच राहतो आणि एकाचं संपल्याशिवाय दुसरा सुरू करत नाही. सभागृहातल्या गदारोळात नेमकं हेच हरवतं.

परीक्षेचा दुसरा टप्पा प्रभागात घ्यायचा. प्रत्येकानं आपल्या मतदारांसमोर, आपल्या चौकात, एकही शब्द न गाळता ते धृपद म्हणून दाखवायचं. खोलीत मान्य झालेली ओळ चौकात म्हणता येत नसेल तर ती धृपदाची नव्हे.

ही रीत नवी नाही. कोल्हापूरचे केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोघे गायक-नट, दोघांच्या नाटक मंडळ्या वेगळ्या, चाहते वेगळे, गायकी वेगळी, स्पर्धा उघड. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. कुणी आपली मंडळी दुसऱ्यात विलीन केली नाही, कुणी आपली गायकी सोडली नाही. काम एक ठरलं, दिवस एक ठरला आणि ज्याला जी भूमिका शोभते ती त्यानं घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं 31 होतं. खासबागेशेजारी त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, ऑगस्ट 2024 मध्ये ते जळालं तेव्हा सगळं शहर हळहळलं. त्या वास्तूशी कोल्हापूरकराचं नातं मायेचं आहेच, पण 1921 चा तो प्रयोग राजकारण करणाऱ्यांनी अधिक बारकाईनं बघावा असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण संयुक्त महाराष्ट्राचं. फेब्रुवारी 1956 मध्ये समिती स्थापन झाली, तीत शेकाप, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांशी न पटणारे पक्ष होते आणि पक्षाबाहेरची माणसंही होती. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांच्या शाहिरीनं ही चळवळ गावोगावी नेली. मुंबईसह मराठी राज्य, एवढंच तिचं धृपद. जमिनीचा प्रश्न, गिरण्यांचा प्रश्न, जातीचा प्रश्न यांवर प्रत्येकाचं कडवं निराळं होतं. 1 मे 1960 ला राज्य झालं, मागणी संपली आणि समितीही विरली. यात दुःख करण्यासारखं काही नाही. धृपद पुरं झालं की नवं बांधावं लागतं, जुनंच घोळवत राहिलं तर लोक उठून जातात.

अलीकडचंही बघा. कोल्हापूर शहरातल्या टोलच्या विरोधात एन. डी. पाटील सरांबरोबर सगळ्या पक्षांची आणि बिनपक्षांची माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिली, कारण मागणी एका ओळीत बसत होती. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकील कित्येक वर्षं लढले, ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. तिथंही ओळ एकच होती.

परदेशातलं एक उदाहरण इथं जोडतो, कारण त्यातून मर्यादाही कळते. एस्टोनिया या छोट्या देशात 1869 पासून सामूहिक गायनाचे महोत्सव होतात. 1988 साली राजधानी टालिनच्या गायन-मैदानावर लाखोंनी लोक जमून गायले आणि सोव्हिएत सत्तेविरुद्धची चळवळ उभी राहिली. पण त्या चळवळीत दोन मोठे गट होते आणि देश नव्यानं कसा उभा करायचा यावर त्यांचं पटत नव्हतं. 20 ऑगस्ट 1991 ला स्वातंत्र्याचा ठराव झाला तो दोघांनी तडजोड लिहून काढली म्हणून. राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत 60 सदस्य ठेवले, निम्मे एका बाजूकडून, निम्मे दुसऱ्या बाजूकडून. गाण्यानं त्यांना एका मैदानात टिकवलं, करार मात्र कागदावरच करावा लागला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असंच दिसलं. अनोळखी प्रौढांचे गाण्याचे वर्ग आणि हस्तकला, लेखन यांचे वर्ग त्यांनी सात महिने पाहिले. गाणारे लोक पहिल्या महिन्यातच एकमेकांच्या जवळ आले, सातव्या महिन्यापर्यंत इतर वर्गही तिथवर पोचले. म्हणजे गाण्यानं जवळीक लवकर येते. निकालानंतर हाती जेमतेम महिना असणाऱ्या अपक्षांना हा 'लवकर' फार महत्त्वाचा आहे. त्या महिन्याचं पुढं सांगतो.

आधी सूर-तालाचं बघू, कारण बहुतेक गट मतभेदानं मोडायच्या आधी बसलेल्या घशानं मोडतात. शाहीर उंच पट्टीत गातात, पेटीवरच्या काळी चार-पाचमध्येही सहज. त्यांची नक्कल करायला गेलेला नवखा उमेदवार तिसऱ्या कडव्याला घसा धरून बसतो, आणि प्रचाराच्या दिवसांत आवाज गेला की दहा दिवस परत येत नाही. गटासाठी काळी एक घ्या. बायका वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या सप्तकात तीच चाल म्हणतील. चाल निवडताना ती मध्य षड्जाच्या, म्हणजे मधल्या 'सा'च्या, आसपास पाच-सहा स्वरांत फिरणारी असावी. ओवीच्या, भारुडाच्या, जात्यावरच्या गाण्याच्या कितीतरी चाली अशा आहेत. तार सप्तकात उडी मारणारी चाल एकट्या गायकाला शोभते, गटाला फोडते. एखाद्याला पट्टी जमत नसेल तर त्याच्यासाठी सगळ्यांची पट्टी बदला. त्याला 'तू हळू म्हण' असं सांगितलंत तर तो पुढच्या बैठकीला येणार नाही.

आठ मात्रांचा साधा भजनी किंवा केरवा ठेका पुरे. मोबाईलवरच्या मेट्रोनोमला, म्हणजे ठोके देऊन लय दाखवणाऱ्या ॲपला, मिनिटाला 80 ते 84 मात्रा लावा. एकत्र गाताना लय आपोआप चढते, टाळ हाती असले की जास्तच. शंभरच्या वर गेली की शब्द खाल्ले जातात, आणि शब्दच गेले तर धृपदाचा उपयोग काय? लय धरायची जबाबदारी एका डफवाल्याकडं द्या, ती शाहिराकडं नको. शाहीर रंगात आला की पळतो.

वाद्यं थोडी. डफ, तुणतुणं, झांजेची एक जोडी आणि सराव करताना पेटी. तुणतुण्याची तार काळी एकला मिळवून ठेवली की सुराची काळजी मिटते. हलगी-घुमकं-कैताळ ही आपली शान आहे, खासबागेत हलगी वाजली की अंगावर काटा येतोच. पण हलगीपुढं शब्द ऐकू येत नाहीत. माणसं जमवायला दहा मिनिटं हलगी वाजवा, गाणं सुरू व्हायच्या आधी थांबवा. पावसाळी हवेत डफाचं चामडं सैल पडतं आणि आवाज बद्द येतो. जाळाच्या धगीवर शेकून घ्यावं लागतं, फार जवळ धरलं तर चामडं तडकतं. पन्नास-साठ माणसांच्या चौकसभेला दोन माईक आणि बॅटरीवरचा एक स्पीकर भरपूर होतो. एक माईक कडवं म्हणणाऱ्याला, दुसरा अर्धवर्तुळात उभ्या झीलकऱ्यांपुढं, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. डफाला माईक लावायचा नाही. स्पीकर माईकच्या पुढं, लोकांकडं तोंड करून. मागं ठेवला तर शिट्टी मारतो. डॉल्बीचा मोह टाळा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र. हे नियम मोडले की गुन्हा एकावर दाखल होतो आणि गटात 'तुझ्यामुळं झालं' सुरू होतं.

कडव्यांचा क्रम चिठ्ठीनं काढा आणि प्रत्येक कार्यक्रमाला बदला. हे क्षुल्लक वाटतं, पण पहिलं आणि शेवटचं कडवं लोकांच्या लक्षात राहतं. ती जागा कायम एकाकडं गेली की तोच नेता ठरला असं बाकीच्यांच्या कार्यकर्त्यांना वाटू लागतं. कडवं आठ ओळींचं, दोन मिनिटांच्या आत. चांगला आवाज असलेला माणूस इथं घोळ घालतो. तो दुसऱ्याच्या कडव्यात ताना घेतो, झील लांबवतो, टाळ्या मिळवतो. बुवांनी त्याला खासगीत सांगावं, चारचौघांत नाही.

प्रत्येक अपक्षाचं चिन्ह वेगळं, म्हणून धृपदात चिन्ह येऊच शकत नाही. ते कडव्याच्या शेवटच्या ओळीत. चिन्हं अर्ज माघारीची मुदत संपल्यावर वाटली जातात, तोवर गाणं तयार ठेवायचं तर त्या ओळीत तीन-चार अक्षरांची जागा मोकळी ठेवावी लागते. 'शिट्टी' दोन अक्षरांची, 'कपबशी' चार अक्षरांची, 'गॅस सिलिंडर' आला तर ओळच फिरवून बांधावी लागते. दोन पर्यायी शेवट आधीच लिहून ठेवलेले बरे.

सिनेमाच्या गाण्यावर शब्द चढवण्याचा सोपा मार्ग घेऊ नका. त्या चालीचे हक्क संगीत कंपनीकडं असतात, तक्रार झाली की समाजमाध्यमावरची चित्रफीत ऐन प्रचारात उतरवली जाते. शिवाय लोकांच्या कानात मूळ गाणंच वाजत राहतं. विधानसभा-लोकसभेच्या वेळी ध्वनिमुद्रित गाणं टीव्ही, रेडिओ, केबल किंवा समाजमाध्यमावर जाहिरात म्हणून द्यायचं असेल तर माध्यम प्रमाणन समितीकडं उमेदवारानं किमान तीन दिवस आधी अर्ज करावा लागतो. शाहिराचं मानधन, वाद्यं, ध्वनिव्यवस्था, गाडी, सगळं निवडणूक खर्चात मोडतं; विभागणी आधी लिहून ठेवा, पावत्या ज्याच्या-त्याच्या नावानं घ्या. पैशाच्या गोंधळानं जितके गट तुटतात तितके विचारांनी तुटत नाहीत.

शब्दांत टाळायच्या दोन गोष्टी. विरोधकाचं नाव धृपदात नको. आज त्याला शिव्या देणाऱ्या पाचांपैकी एकाला उद्या त्याच्याशी बोलावं लागेल, आणि मग गाणंच गाता येणार नाही. दुसरं, थोरांची नुसती नावं ओवू नका. शाहू महाराजांचं नाव प्रत्येक व्यासपीठावर घेतलं जातं. त्यापेक्षा 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा आदेश, 1917 चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण, असं काम कडव्यात घ्या आणि आज त्याच दिशेनं काय मागता ते पुढच्या ओळीत सांगा. कामावर एकमत होतं, नावावर मालकीचे वाद होतात.

आता त्या एका महिन्याकडं येतो. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम 1986 प्रमाणं अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात किंवा आघाडीत गेला तर त्याचं सदस्यत्व जातं. अपक्ष आमदार-खासदारांनाही राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानं पक्षप्रवेशाची अशीच बंदी आहे, बाहेरून पाठिंबा देता येतो. महापालिका आणि नगरपरिषदेत मात्र एक वाट ठेवलेली आहे. निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एक महिन्याच्या आत अपक्षांना आघाडी स्थापून नोंदवता येते, महापालिकेची विभागीय आयुक्तांकडं, नगरपरिषदेची जिल्हाधिकाऱ्यांकडं. नोंदणी झाली की ती निवडणुकीपूर्वीची आघाडी असल्यासारखी धरली जाते आणि तिचा व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं याचा आदेश, लागू होतो. व्हिप मोडला तर सदस्यत्वावर येतं. म्हणजे घाईत नोंदवलेला गट हा गळ्यातला फास होऊ शकतो, आणि महिना वाया घालवला तर वाट बंद. म्हणून सराव मतदानाच्या सहा आठवडे आधी सुरू करावा, शहरातले जितके अपक्ष उमेदवार येतील तितक्यांना घेऊन. त्यातले बरेच पडतील. पडलेल्यांना सोडू नका, त्यांना झीलकरी म्हणून ठेवा. त्यांच्यामागंही मतं असतात, आणि निवडून आलेल्याला धृपदाची आठवण करून द्यायला त्यांच्याइतकं मोकळं कुणी नसतं.

नोंदणीबरोबर गटाचा आपसांतला करार लिहिताना, वकिलाकडून तपासून घेऊन, दोन कलमं घालावीत असं मी सुचवतो. पहिलं, व्हिप निघेल तो धृपदातल्या ओळींशी थेट संबंध असलेल्या विषयावरच, कडव्यातल्या विषयांवर प्रत्येकाला मोकळीक. दुसरं, गटनेतेपद कडव्यांच्या क्रमासारखं फिरतं, मुदत ठरवून. गटनेत्याची निवड या टप्प्यावर करायची, आठ बैठकांनंतर. तोवर कोण वेळेवर येतो, कोण दुसऱ्याच्या कडव्याला मनापासून झील धरतो, कोण फक्त आपलं कडवं म्हणून निघून जातो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

दर तीन महिन्यांनी, महासभेच्या आधीच्या आठवड्यात, धृपद पुन्हा एकेकाकडून म्हणवून घ्यायचं. झालेल्या कामाची ओळ काढायची, नवी घालायची तर तीच तोंडाची परीक्षा पुन्हा. एखादा जुन्याच ओळीवर गप्प झाला तर त्याच्या प्रभागात काहीतरी बदललंय असं समजून त्याला बोलतं करायचं, आणि तिढा सुटेपर्यंत त्या ओळीवर व्हिप काढायचा नाही. प्रत्येक वेळचं धृपद तारीख घालून वहीत लिहायचं, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि एक प्रत पेठेतल्या फलकावर.